चूक पेरणारे सर

दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून लाल मिरचीची पोती कोकणात उतरत होती आणि तिथून गलबतात बसून रोमला जात होती, असं मी जुन्नरमध्ये भर सभेत, माइकवर, नवी कोरी पैठणी नेसून सांगितलेलं आहे. नुसतं सांगून बसले असते तरी चाललं असतं. पण तेव्हा मी बावन्न वर्षांची बालिका होते, हायस्कूलात मराठी शिकवत होते आणि माइक हातात आला की मला ब्रेक लागत नसे. "मैत्रिणींनो," मी आवाज चढवून म्हणाले, "त्या रोमच्या सम्राटाला जेवताना ठसका लागला असेल ना, तो आपल्या मिरचीचा!" टाळ्या पडल्या. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तर पदर डोळ्यांना लावला. एवढ्यात पुढच्या सतरंजीवर बसलेली आमच्याच शाळेतली सहावीतली एक मुलगी उभी राहिली आणि वर्गात उत्तर द्यावं तसं खणखणीत म्हणाली, "बाई, मिरची न्हाई! ती सरांची चूक व्हती. आमी कवाच पकडली ती!"

मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली, सातवाहनांनी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं, हे त्या सतरंजीवरच्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त प्रमुख पाहुणीला. अध्यक्षबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी पदरावरच्या मोराकडे.

ती मिरची मला दिली होती आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी. दिली म्हणजे शाळेच्या ग्रुपवर पाठवली. सर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ करत. एखादी जुनी वस्तू, एखादी जागा, एखादी चाल. नाणेघाटाचा व्हिडिओ मी आदल्या संध्याकाळी घाईघाईने पाहिला, भाषणाला मसाला मिळाला म्हणून खूश झाले आणि शेवटचं वाक्य ऐकायच्या आधीच फोन बंद केला. त्यांच्या प्रत्येक व्हिडिओचं शेवटचं वाक्य एकच असे: "यात एक चूक मी मुद्दाम टाकली आहे. शोधा."

दुसऱ्या दिवशी मी शिक्षक खोलीत भांडायलाच गेले.

"सर, तुम्ही मुलांना खोटं शिकवता?"

"एकच," सर डबा उघडत म्हणाले. "बाकीचे किती शिकवतात ते मोजत नाहीत."

"आणि माझी शोभा झाली तिचं काय?"

"बाई, तुमच्यामुळे मला एक कळलं. चूक फार सुबक जमली होती." मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. "आणि दुसरं असं, तुमचा आवाज खोटं बोलतानाही खरा वाटतो. मला असाच आवाज हवा होता. व्हिडिओत तुम्ही बोलाल का?"

अपमान करून लगेच काम सांगणारा माणूस मी तोवर घरात एकच पाहिला होता. हे दुसरे. आणि मी बावळट, हो म्हणाले.

सर दिसायला काडीसारखे. शर्टाचं गळ्याचं बटण मरणाच्या उन्हातही लावलेलं. कानाला वारा लागतो म्हणून बारा महिने, वैशाखातसुद्धा, कानटोपी. पुढे त्यांच्या हाती एक छोटा प्रोजेक्टर आला. तो ते घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून, एसटीत शेजारच्या सीटवर बसवून नेत. एकदा कंडक्टरने विचारलं, "सर, ह्याचं तिकीट?" सरांनी घोंगडीवरून हात फिरवला. "लहान आहे हो. पाच वर्षांच्या आतलं." कंडक्टर पुढे सरकला, पण परतताना वाकून बघून गेला.

पडदा म्हणून घरातली एक पांढरी चादर. तिच्या वरच्या कोपऱ्यात हळदीचा गोल डाग होता. त्यामुळे सरांच्या इतिहासात, लेण्यात काय आणि किल्ल्यात काय, उजवीकडे कायम एक पिवळा चंद्र उगवलेला. पोरांनी सुरुवातीला तीच चूक म्हणून पकडली. सरांनी ती मान्य केली नाही, आणि चादरही बदलली नाही.

व्हिडिओत ते स्वतः कधी दिसले नाहीत. दिसे तो त्यांचा हात आणि हातातलं ज्वारीचं धाट. धाटाने ते दाखवत: हे लेण्यातलं पाण्याचं टाकं, हा भिंतीवरचा लेख, ह्यात टाकं कुणी दान दिलं त्याचं नाव कोरलंय. त्यांना राजे-महाराजे फारसे पेलत नसत. "राजाला बखर मिळते, बाई," ते म्हणत. "टाकं खोदणाऱ्याला निदान दोन मिनिटं तर मिळू देत."

आवाज भरायचं काम आमच्या पेठेतल्या घरी चाले. बाहेर मोटरसायकली, भंगारवाला, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. सरांनी त्यावर तोड काढली. मला पलंगावर बसवून डोक्यावरून गोधडी घालायची, हातात मोबाइल द्यायचा आणि स्वतः बाहेर खुर्चीवर बसून सूचना करायच्या. चैत्राच्या उकाड्यात मी गोधडीच्या आत घामाने निथळत सातवाहनांचा व्यापार सांगत होते, तेव्हा आमचे हे बाजारातून आले. पिशवी हातातच ठेवून बघत राहिले.

"हे गोधडीत कोण बोलतंय?"

"सातवाहन," सर म्हणाले. "जरा पंखा बंद करता का? आवाज येतोय."

ह्यांनी मुकाट्याने पंखा बंद केला. त्यानंतर ज्या दिवशी सर येणार असतील त्या दिवशी हे देवळात जायला लागले. माझ्या सासूबाईंनी जन्मभर सांगून जे झालं नव्हतं, ते सरांनी करून दाखवलं.

व्हिडिओ झाला की सर तो घेऊन हिंडत. ज्या शाळांत फोनला रेंज आहे तिथे ग्रुपवर जाई. पण वर तळेघरच्या बाजूला रेंजही नाही आणि एसटीही नाही म्हणण्याजोगीच. तिथे ते जिथवर गाडी जाईल तिथवर गाडीने आणि मग पायी जात. व्हरांड्यात चादर टांगायची, खिडक्यांना पोती लावून अंधार करायचा. दोन मिनिटं बघायचं आणि मग तासभर भांडायचं. हो, भांडायचंच. वर्ग शांत असला की सरांचं तोंड पडे. ज्याला चूक सापडेल त्याला बक्षीस काय, तर पुढच्या व्हिडिओतली चूक त्याने ठरवायची. तळेघरच्या बाजूच्या एका मुलीला हा मान मिळाला. भातशेतीचा व्हिडिओ होता. तिने सांगितलं, "सर, असं म्हना, का आमच्याकडं तासातासाला एसटी येती." इतक्या लवकर सापडलेली चूक सरांच्या कारकिर्दीत दुसरी नाही. गोधडीत ते वाक्य म्हणताना मला हसू आवरेना. पाच वेळा म्हणावं लागलं.

चूक सापडली की सर धाट खाली ठेवत आणि म्हणत, "सापडली! आता बाकीचं खुशाल घरी न्या."

ह्या 'बाकीच्या'नेच पुढे घात केला.

झालं असं, की शिक्षण खात्यातल्या एका साहेबांनी हे व्हिडिओ पाहिले आणि जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या शाळांना ते द्यायचं घाटू लागलं. दोन्हीकडच्या शिक्षकांची जुन्नरला सभा ठरली. त्यात सरांनी एक व्हिडिओ दाखवायचा. सरांना निवृत्त व्हायला थोडंच राहिलं होतं. बोलून दाखवलं नाही, पण नवा शर्ट शिवून घेतला. माझ्या माहितीत ती त्यांची एकमेव हौस.

सभेत दाखवायला त्यांनी नवाच व्हिडिओ केला. लोणीच्या बाजूला एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात, ते तसंच राहू दे. तिथे एक छोटा बुद्धविहार आहे, दगडी, बुटका, नीटस. छप्पन साली धर्मांतर केलेल्या घरांचा. त्याच्या बांधणीची हकीकत सरांना गावातल्या एका वजनदार दादांनी सांगितली. गोधडीत बसून मी ती गदगदून वाचली: "सगळ्या गावाने मिळून, ओढ्यातले दगड ट्रॅक्टरने वाहून आणून, हा विहार बांधला." ट्रॅक्टर ही पेरलेली चूक. त्या काळी त्या गावात ट्रॅक्टर कुठला!

जुन्नरच्या सभेआधी तो त्या गावच्या शाळेत दाखवायला आम्ही दोघं गेलो. तोवर आठ-दहा शाळांत तो दाखवून झाला होता, वरच्या शाळांतसुद्धा. व्हरांड्यात पोरं, दाराशी ते दादा, आणि खांबाला टेकून एक म्हातारी. नातीला न्यायला आली होती ती थांबली. व्हिडिओ संपायच्या आत पोरं ओरडली, "ट्रॅक्टर! ट्रॅक्टर!" सरांनी धाट खाली ठेवलं. "सापडली! आता बाकीचं खुशाल..."

"ट्याक्टर नव्हता, बरोबर हाय," म्हातारी म्हणाली. "गाव बी नव्हतं तितं."

मला आधी कळलंच नाही. सरांना कळलं. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला.

दादा दारातून म्हणाले, "मावशे, जुनं कशाला उकरती? पोरं बसल्यात."

"पोरंच बसल्यात म्हनून तर सांगती." आणि तिने सांगितलं. आवाज न चढवता, शेंगा निवडाव्यात तसं. धर्म बदलल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडली, तेव्हा गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा भिंत कमरेएवढी झाली होती. दिवसा रान, सांजेला दगड. ओढ्यापासून डोक्यावर. तिचा नवरा, दीर आणि भावकीतली दोन-तीन घरं. "पारावरची मान्सं बसून बघायची. एक जन हासून म्हनला, 'काय रं, दगडं घिऊन लेण्याद्री करताय का?' आमी काय बोल्लो न्हाई. डोक्यावर दगड असला का बोलता येत न्हाई."

सर तिच्या शेजारी जमिनीवर बसले. कानटोपी काढून हातात घेतली. मी त्यांना कानटोपीशिवाय त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते मला एकदम लहान वाटले.

"मला ते 'सगळ्या गावाने' फार आवडलं, मावशी," ते म्हणाले. "आवडलं म्हणून मी ते तपासलं नाही."

"आवडंलच की," म्हातारी म्हणाली. "ऐकाया ग्वाडच हाय."

परतीच्या एसटीत मी माझं शहाणपण काढलं. म्हटलं, "सर, सभा परवावर आली. एक शब्द तर बदलायचा. 'सगळ्या गावाने'च्या जागी 'लोकांनी' करू. कुणाचंच बिघडत नाही. मी बसते की पुन्हा गोधडीत."

सर खिडकीबाहेर बघत होते. "आणि ज्या पोरांनी पाहिलंय त्यांच्या डोक्यातलं काय? त्यांनी ट्रॅक्टर पकडला, बाई. एक चूक पकडली म्हणजे उरलं ते खरं, असं मीच त्यांना शिकवलंय. माझ्या पेरलेल्या चुकीने माझी खरी चूक लपवली." मग म्हणाले, "त्या मावशींच्या माणसांनी वाहिलेले दगड मी बघणाऱ्यांच्या नावावर केले. आठ-दहा शाळांत."

 

सभेला सर नवा शर्ट घालून आले. साहेब पुढे, दोन्ही तालुक्यांचे मास्तर-बाई खुर्च्यांवर, मागे उपम्याचा वास. सरांनी तोच व्हिडिओ लावला. जसाच्या तसा. मला दरदरून घाम फुटला, आणि गोधडी तर डोक्यावर नव्हती. संपल्यावर ते म्हणाले, "चूक शोधा." ट्रॅक्टर लगेच सापडला. हशा झाला. साहेबही खूश.

"अजून एक आहे," सर म्हणाले.

कुणाला सापडेना. एकाने दगडाचा प्रकार काढला, एकाने ओढ्याची दिशा. मग सरांनी सांगितलं. त्या गावाचं नाव न घेता, दादांचं नाव न घेता, स्वतःचं मात्र घेऊन. सभागृहात खुर्च्या करकरल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणेच विचारलं, "सर, मग बाकीच्या व्हिडिओंत अशा किती?"

"तेच तर मला माहीत नाही, साहेब."

"अहो, तपासलेलं साहित्य असल्याशिवाय शाळांना कसं देणार आम्ही?"

"बरोबर आहे," सर म्हणाले. "नका देऊ."

आणि जाऊन उपमा खाऊ लागले. मी प्लेट घेऊन शेजारी उभी. माझा संताप संताप होत होता. "एक 'लोकांनी' केलं असतं तर..." मी पुटपुटले.

"बाई, लिंबू आहे का बघा तिकडे," सर म्हणाले.

त्यानंतर ते पुन्हा प्रत्येक शाळेत गेले. ग्रुपवर दुरुस्ती टाकली असती तर रेंजवाल्या शाळांत पोचली असती; वरच्यांचं काय? चिखलात, पावसात, प्रोजेक्टर घोंगडीत आणि स्वतः प्लॅस्टिकच्या पोत्याच्या खोळीत. काही शाळांत मीही गेले. एके ठिकाणी एका पोराने विचारलं, "सर, तुमी पन चुकता?" सर इतके आनंदले की त्याला पुन्हा म्हणायला लावलं. त्या दिवसापासून व्हिडिओचं शेवटचं वाक्य बदललं: "यात एक चूक मी मुद्दाम टाकली आहे. आणखी असतील त्या माझ्या आहेत. त्याही शोधा."

विहाराचा व्हिडिओ नव्याने केला, त्यात माझा आवाज घेतला नाही. "मावशींचाच पाहिजे," म्हणाले. मला लागलं, खोटं कशाला सांगू! घरी येऊन मी गोधडी धुवायला टाकली आणि आठवडाभर त्यांचा फोन घेतला नाही. त्यांना ते कळलंच नाही, हे अजून लागलं.

व्हिडिओत मावशी भिंतीवर तळवा ठेवत चालते. "ह्यो ह्यांनी आनला. ह्यो माझा. ह्यो दिराच्या पायावर पडला व्हता." एवढंच. शेवटी सरांनी तिला नियम समजावला: तुम्ही चूक पकडली, तर आता टाकायची चूक तुम्ही ठरवायची. मावशी बराच वेळ पदराने तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "मंग असं टाका. का तवा गावानं आमास्नी च्या पाजला. बघू पोरं पकडत्यात का."

तो त्या गावच्या व्हरांड्यात लागला तेव्हाही मी होते. पोरं, मावशी, दाराशी दादा. सरांनी धाट ठेवलं. "शोधा."

चूक सगळ्यांना ठाऊक होती. तोंड कुणी उघडेना. पोरं दादांकडे बघत, मग जमिनीकडे. सर घाई करत नव्हते. चादरीवर नुसता डाग उरला होता. शेवटी चौथीतली एक मुलगी एकच शब्द बोलली, तोही हळू.

"च्या."

 दादा उठून गेले नाहीत, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सर निवृत्त झाले. आता लेकीकडे नाशिकला असतात. दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलाय. फोनवर विचारतात, "काय बाई, हल्ली कुठे खोटं बोलता?" मी म्हणते, आता नातवंडांसमोर बोलते, पण ती मेली लगेच पकडतात.

परवाच्या बुद्धपौर्णिमेला मी त्या गावी गेले होते. मावशीला आता नीट दिसत नाही. मोबाइल अगदी नाकाशी धरून तिने आपला व्हिडिओ पुन्हा पाहिला. मी सरांची खुशाली सांगितली, गुडघ्यांचं सांगितलं. आणि मग, वय झालं तरी खोड जात नाही, कौतुक ऐकायच्या आशेने विचारलं, "मावशी, आता तरी सगळं बरोबर आहे ना त्यात?"

ती म्हणाली, "माझी सासू ऱ्हायली की! समद्यात जास्त दगडं तिनंच व्हायली, आन् मी तवा इसरले. सरांचं गुडघं गेलं, तुमचं हायेत न्हवं? मंग बसलाय काय, बाई? काढा मोबाइल."